लुदीचा रविवार

"बुधवारी?" मी विचारलं. "बुधवारी संध्याकाळी सात वाजता?"

"का? सात ही प्रकाशनाची उत्तम वेळ आहे," प्राध्यापक बेल्त्रान म्हणाले. "लोक ऑफिसमधून सुटतात, वाइनचा एक ग्लास घेतात, ऐकतात."

"कोण लोक?"

"उत्तरा, तुला आज काय झालंय?"

मला काय झालंय ते मला नीट कळत होतं. कानशिलं तापली होती. हाँगकाँगच्या आमच्या छोट्याशा प्रकाशनसंस्थेत मी संपादक होते. जगभर पांगलेल्या फिलिपिनो माणसांविषयीची पुस्तकं आम्ही काढायचो. काही संशोधनाची, काही कथाकवितांची. प्राध्यापक बेल्त्रान त्या मालेचे मुख्य संपादक. आजोबा फिलिपिन्सचे, स्वतः अमेरिकेतल्या विद्यापीठात, आणि वर्षातून एकदा आमच्याकडे येऊन चार दिवस आम्हाला शहाणं करून जाणारे. या खेपेचं पुस्तक हाँगकाँगमध्ये घरकाम करणाऱ्या फिलिपिनो बायकांनी स्वतः लिहिलेलं होतं. दोन वर्षं मी त्या बायकांबरोबर दर रविवारी पुलाखाली पुठ्ठे अंथरून बसले होते. एकेक लेख त्यांच्याकडून वाचून घेतला होता, पुन्हा लिहून घेतला होता.

"सर, या बायकांना आठवड्यातून एकच सुट्टी असते. रविवारची. बुधवारी संध्याकाळी सात वाजता त्या दुसऱ्यांच्या घरात भाजी चिरत असतात. तुमच्या पुस्तकाची एकही लेखिका तुमच्या समारंभाला येणार नाही."

ही गोष्ट त्यांच्या लक्षातच आली नव्हती. या विषयावर त्यांचे तीन ग्रंथ आहेत.

"माझं विमान गुरुवारचं आहे," ते शेवटी म्हणाले. "आणि वाचनासाठी मी एक अभिनेत्री बोलावली आहे. फार सुंदर आवाज आहे. ती सगळ्यांचे उतारे वाचेल."

"म्हणजे लग्न आहे, जेवण आहे, वाजंत्री आहे, फक्त नवरी तेवढी मोलाने आणलीय."

हे मी इंग्रजीत कसं म्हटलं ते आता आठवत नाही, पण त्यांना लागलं. शेवटी त्यांना वळवलं ते माझ्या बोलण्याने नाही. "फोटोत तुमच्याशेजारी कोण उभं राहील, सर?" असं मी विचारलं, त्याने. दुसऱ्या दिवशी विमानाची तारीख बदलल्याचा निरोप आला. समारंभ रविवारी दुपारी चार वाजता, वान चायमधल्या एका शाळेच्या हॉलमध्ये.

मी आधी लुदीला फोन केला.

लुदी म्हणजे लुदिविना पाक्लिबार. आमच्याच संकुलात, समोरच्या इमारतीत, वैजूताई देवधरांकडे कामाला होती. नऊ वर्षं. तिचा लेख पुस्तकातला सगळ्यात चांगला होता, हे मीच नाही, बेल्त्रानही म्हणायचे. तिच्या गावी ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात देवळात बायका येशूच्या दुःखाची कथा गातात. रात्रंदिवस, पाळीपाळीने. आवाज तुटू द्यायचा नाही, असा नेम. एकीचा दम संपत आला की दुसरी त्याच सुरात उचलते. लुदीच्या आईची तिथे ठरलेली जागा होती. आई गेली तेव्हा लुदीला जाता आलं नाही. त्या वर्षी तिने वैजूताईंच्या स्वयंपाकघरात, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून वरचा पंखा चालू ठेवून, आईच्या वाट्याच्या ओळी गायल्या. कुकरच्या शिट्ट्यांच्या मधेमधे. एवढंच होतं त्या लेखात, आणि अर्धा लेख त्या ओळींचाच होता. तो वाचायचा नव्हता, म्हणायचा होता.

मला तो लेख पहिल्यांदा ऐकतानाच कळला, कारण मी कीर्तनाच्या घरातली. वडिलांच्या मांडीवर बसून मी कीर्तनं ऐकली आहेत. कथा सांगता सांगता बुवा गाण्यात कसे शिरतात आणि गाण्यातून पुन्हा बोलण्यावर कसे उतरतात, तो उतार कानाला ओळखीचा असतो. लुदीचा तो उतार तसाच होता. वैजूताईंकडे कीर्तन असलं की ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकायची आणि मग मला विचारायची, "ताई, तुमचे बुवा श्वास कधी घेतात हो? मी बघत होते. घेतच नाहीत."

"रविवार?" लुदी फोनवर ओरडली. "खरंच रविवार? ताई, मी माझं स्वतः म्हणणार?"

"तूच म्हणणार."

"सगळं? ओळींसकट?"

"ओळींसकट. आणि घसा सांभाळ. तळणाच्या धुरात उभी राहू नकोस."

ती खूप हसली. तळणाच्या धुरात उभं राहणं हेच तिचं काम होतं.

शुक्रवारी वैजूताईंचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "उत्तरा, श्रीरंगबुवा धामणकर येतायत गं! सिंगापूरहून परत जाताना एक दिवस आपल्याकडे थांबतायत. रविवारी दुपारी कीर्तन ठेवलंय. तू झांज घेऊन ये."

एरवी मी नाचले असते. धामणकरबुवांचं आख्यान ऐकायला मी मैलभर पायी गेले असते.

"वैजूताई, रविवारी लुदीची सुट्टी आहे ना?"

"हो, ते मी तिला सांगितलंय. सोमवारी घे म्हटलं. तीसेक माणसं येणार, साटोऱ्यांचा प्रसाद करायचाय. तिच्याशिवाय होणार आहे का?"

"अहो, पण रविवारी तिच्या पुस्तकाचं प्रकाशन आहे. ती स्वतः लेख म्हणणार आहे. दोन वर्षं वाट बघतेय ती."

"हो का? मला म्हणाली नाही ती."

"कशी म्हणेल? आणि सुट्टी कायद्याने तिची आहे, वैजूताई. तुमच्या माझ्या मर्जीची नाही."

मग त्या दुखावल्या आवाजात म्हणाल्या, "कायदा कसला सांगतेस मला? लुदी काय नोकर आहे का आमची? घरातली आहे ती. घरच्या कार्याला घरचं माणूस थांबतं. तू तुझ्या जावेला कायदा दाखवतेस का?"

"जावेला दोन आठवड्यांत देशाबाहेर काढता येत नाही."

हे मी बोलायला नको होतं कदाचित. पण बोलले. कामावरून काढलेल्या बाईला तिथे दोन आठवड्यांच्या आत देश सोडावा लागतो. ते सगळ्या मालकिणींना माहीत असतं आणि सगळ्या बायकांनाही. कुणी मोठ्याने बोलत नाही, एवढंच.

"बरं बाई," वैजूताई शेवटी म्हणाल्या. "बाराला कीर्तन सुरू होईल. दोनला सोडते तिला. झालं समाधान?"

झालं होतं. म्हणून मी झांज घेऊन गेले.

बुवांना यायला उशीर झाला. पेटी लावायला आणखी उशीर. कीर्तन सुरू झालं तेव्हाच एक वाजून गेला होता. पण सुरू झालं, आणि काय सांगू! नमन झालं, पद उचललं, तसा तो लहानसा दिवाणखाना एकदम देवळाएवढा उंच झाला. मी डोळे मिटून झांज वाजवत होते. मधेच डोळे उघडले की स्वयंपाकघराचं दार दिसायचं आणि त्याआड लुदीचा कोपर. लाटतोय, लाटतोय, लाटतोय.

पूर्वरंग संपला. बुक्का लावायला, हार घालायला बायका उठल्या. तोवर दोन वाजून गेले होते. मी वैजूताईंजवळ गेले.

"सोडताय ना तिला?"

"अगं, आत्ता? अजून निम्म्या साटोऱ्या तळायच्यात. प्रसाद वाटल्याशिवाय कशी सोडू?"

"तुम्ही शब्द दिला होता."

"उत्तरा, हळू बोल. बुवा ऐकतायत."

ऐकू देत, असं मला वाटलं. मी सरळ बुवांकडे गेले. बुक्का लावायला वाकले आणि तसंच वाकून कानाशी सांगितलं. आत एक बाई आहे, तिची सुट्टी आहे, तिचं पुस्तक आहे, तुमच्या एका शब्दाने सुटेल.

बुवांनी प्रेमाने माझ्याकडे पाहिलं. "ताई, ज्याच्या घरचं त्याने बघावं. आपण पाहुणे." आणि उपरणं सावरून उभे राहिले.

उत्तररंगाला त्यांनी आख्यान घेतलं ते एका दासीचं. देव तिच्या जात्याला हात लावतो, ते. माझ्या अत्यंत आवडीचं आख्यान! लहानपणापासून किती वेळा रडले असेन त्यावर. बुवांनी पहाट उभी केली, जात्याची घरघर गळ्यातून काढली, तिचं एकटेपण असं सांगितलं की पहिल्या रांगेतल्या बायकांचे पदर डोळ्यांना लागले. वैजूताई हुंदके देत होत्या. "कुणी नाही हो तिला," बुवा म्हणाले, "कुणी नाही!" आणि तीस माणसं हळहळली.

माझ्या हातातली झांज थांबली. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की झांज भिरकावून द्यावीशी वाटली. चालू कीर्तनातून मी जन्मात कधी उठले नव्हते. वडिलांनी उठू दिलं नसतं. त्या दिवशी उठले, माणसांच्या गुडघ्यांमधून वाट काढत स्वयंपाकघरात गेले आणि दार लोटून घेतलं.

लुदी कढईपाशी होती. घामाने केस कपाळाला चिकटलेले. बाजूच्या खुर्चीवर इस्त्री केलेला निळा पोशाख, समारंभासाठीचा.

"काय सांगतायत आज बुवा?" तिने विचारलं. "सगळे रडतायत."

"एक मोलकरीण आहे. एकटी. पहाटे उठून दळत बसते. तिचं दुःख पाहून देव येतो आणि तिच्याबरोबर दळू लागतो."

"आणि मालकीण?"

"मालकिणीचं फारसं काही नाही त्यात."

लुदीने साटोरी उलटली. "मॅमसुद्धा रडतायत?"

"सगळ्यांत जास्त."

तिने तोंडावर मनगट दाबलं. मला वाटलं रडतेय. हसत होती.

"दे तो झारा इकडे," मी म्हटलं. "मी तळते. तू कपडे बदल आणि नीघ. बघते मी कोण अडवतं."

"ताई, कॉन्ट्रॅक्ट तुमचं नाही, माझं तुटेल."

"मी भांडेन त्यांच्याशी."

"भांडा की. तुमचं भांडण झालं तर पुढच्या महिन्यात हळदीकुंकवाला पुन्हा बोलाल. मला विमानात बसवतील." ती हे अगदी शांतपणे म्हणाली, तेलावरची नजर न काढता. "माझी मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. रागावू नका ताई. म्हणजे रागवा, पण माझ्या नावाने नको."

एवढा मोठा राग घेऊन मी त्या स्वयंपाकघरात आले होते, आणि तो कुठे ठेवावा ते कळेना. तेवढ्यात माझा फोन वाजला. बेल्त्रान होते.

"उत्तरा, कुठे आहेस? हॉल भरतोय. मिस पाक्लिबार येतायत ना?"

"अडकल्या आहेत."

"ठीक आहे, काळजी नको. ती अभिनेत्री आली आहे, मी तिला उतारा दिलाय. छान बसवलाय तिने."

"ती ओळी गाणार आहे?"

"नाही, नाही. ते गाण्याचे भाग आम्ही गाळतोय. तेच तेच आहे ते, ऐकणारे कंटाळतील. पुस्तकात आहेच ना सगळं."

फोन स्पीकरवर नव्हता, पण ते स्वयंपाकघर एवढंसं होतं की पलीकडचं बोलणंसुद्धा ऐकू यावं. लुदीने झारा खाली ठेवला.

"काय गाळणार?"

मी सांगितलं.

"आईच्या ओळी?"

"हो."

मग तिने गॅस बंद केला. कढईतल्या चार साटोऱ्या अर्ध्या कच्च्या तशाच तेलात राहिल्या. तिने ॲप्रन सोडला, घडी केली, ओट्यावर ठेवला. निळा पोशाख उचलला, पण घातला नाही, हातावर टाकला. सँडल हातात घेतल्या.

"लुदी, विचार कर," आता मीच म्हणाले. "मुलीचं शेवटचं वर्ष."

"केला. नऊ वर्षं तोच करतेय."

बाहेर जायला एकच वाट होती, दिवाणखान्यातून, बुवांच्या समोरून. आख्यान रंगात होतं. लुदी कमरेत वाकून, आपण कीर्तनात वाकून जातो तशी, सँडल छातीशी धरून निघाली. डोळे पुसणाऱ्या बायकांनी गुडघे आवळून तिला वाट दिली. कुणी वर पाहिलं नाही. बुवांनी उपरण्याचं टोक सावरून घेतलं आणि ओळ चालू ठेवली.

"लुदी!" वैजूताईंनी खालच्या आवाजात हाक मारली. "कुठे निघालीस?"

लुदी दाराशी पोचली होती. वळली.

"आज रविवार आहे, मॅम."

"मग प्रसाद? आत्ता गेलीस ना, तर..." त्या थांबल्या. तीस माणसं होती. पुढचं वाक्य त्या बोलल्या नाहीत, पण लुदीने ऐकलं. मान हलवली आणि दार उघडलं.

"उत्तरा, निदान तू तरी बस खाली! कीर्तन चालू आहे!"

"ऐकलं मी, वैजूताई," मी म्हटलं. बुवांनाही ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हटलं. "आणखी ऐकवत नाही."

हॉलच्या बाथरूममध्ये लुदीने पोशाख बदलला. अंगाला तळणाचा वास तसाच होता. अभिनेत्री बिचारी समंजस निघाली. लुदीला पाहताच कागद तिच्या हातात देऊन खाली जाऊन बसली. लुदीने कागदाकडे पाहिलं नाही. आधी बोलली, मग बोलता बोलता सूर लागला, कुठे लागला ते कळलंच नाही. पहिली ओळ संपत आली तशी मागच्या रांगेतून कुणीतरी बाईने ती उचलली. मग दुसरीने. रविवार होता. सगळ्या आल्या होत्या. लुदीला दम घ्यायला मिळाला आणि आवाज तुटला नाही.

बेल्त्रान पुढच्या खुर्चीत चुळबुळत घड्याळ बघत होते.

प्रश्नोत्तरांच्या वेळी माइक त्यांनीच घेतला. "लुदिविना, या लिखाणाने तुला मोकळं केलं, असं म्हणता येईल का?"

लुदीने क्षणभर विचार केला. "हो, सर. आज दुपारपासून मी अगदी मोकळी आहे. कामच गेलं."

हॉल हसला. बेल्त्रान खो खो हसले, टाळ्या वाजल्या, तेवढ्यात फोटो काढला गेला. तोच फोटो पुढे मालेच्या प्रत्येक जाहिरातीत वापरला. लुदीही हसली आहे त्यात. मी त्यात नाही. मी माइक हिसकावून घ्यायला निघाले होते, आणि लुदीने व्यासपीठावरूनच मला डोळ्यांनी दटावलं. माझ्या नावाने नको.

संध्याकाळी आम्ही संकुलात परतलो. वैजूताईंच्या इमारतीच्या खालच्या मजल्यावर, वॉचमनच्या टेबलाशेजारी लुदीची बॅग उभी होती. तिच्यावर तिची उशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट बांधलेली. वॉचमनने आम्हाला पाहून वर फोन लावला. लिफ्टचं दार उघडलं आणि वैजूताई आल्या. पैठणी तशीच, डोळे कीर्तनात रडून सुजलेले, हातात स्टीलचा डबा.

"मी काही वाईट बाई नाही, उत्तरा," त्या मला म्हणाल्या, लुदीला नाही. "पण तीस माणसांत मला मान खाली घालायला लावली तिने. आमचे साहेब म्हणाले, आता नकोच. उद्या एजन्सीला कळवतायत." मग डबा पुढे केला. "हे घे गं लुदी. प्रसादाला नाही म्हणू नये."

मी आयुष्यात प्रसादाला कधी नाही म्हटलेलं नाही. त्या क्षणी तो डबा भिंतीवर मारावासा वाटला.

"तिनेच लाटलेला, तिनेच तळलेला, वैजूताई! तिचाच प्रसाद तिला वाटताय? कुणाच्या देवाचा आहे हा?"

"देवाला मधे आणू नकोस!"

"तुम्ही आणलात त्याला मधे! जात्यापाशी बसून रडलात तुम्ही आज, तिच्या स्वयंपाकघरापासून चार पावलांवर!"

वॉचमन खाली बघायला लागला. वैजूताईंचा चेहरा लालबुंद झाला. आणखी पुष्कळ होतं माझ्याकडे बोलायला, पण लुदीने दोन्ही हातांनी डबा घेतला. झाकण काढलं. तिथेच, बॅगेशेजारी उभी राहून खायला लागली. भरभर, एकामागून एक. मग मला उमगलं. नैवेद्य दाखवण्याआधी चाखायचंसुद्धा नाही, हे वैजूताईंनी तिला पहिल्या वर्षीच शिकवलं होतं, आणि ती सकाळपासून त्या कढईपाशी उपाशी उभी होती.

दुसरी साटोरी संपवून तिने बोटं पुसली आणि वर पाहिलं. नऊ वर्षांची सवय.

"साखर बरोबर झालीय, मॅम?"

"हो गं," वैजूताई म्हणाल्या. "छान झाल्यात. पुढच्या वेळी वेलची जरा जास्त घाल."

बोलून गेल्या, आणि मग त्यांचा हात तोंडाकडे गेला.

"हो, मॅम," लुदी म्हणाली. झाकण लावून डबा तिने त्यांच्या हातात परत दिला.

मी तिची बॅग उचलली.